मालवाहू ट्रकच्या अपघातात जखमी झाल्यास गोव्यात नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

ट्रकच्या धडकेत जखमी झालेल्या माणसाचा दावा कायद्याच्या मुद्द्यावर क्वचितच फसतो. तो फसतो कागदांवर आणि कामांच्या क्रमावर. आधी उपचार पुरे होऊ देत, मग पोलिसांचा तपास संपू दे, मग अपंगत्वाचा दाखला मिळू दे आणि शेवटी वकील पाहू, असे बहुतेक घरांत ठरते. हा क्रम उलटा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करावा लागतो. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मोडलेला पाय पुरता बरा होण्याच्या आत हे सहा महिने निघून जातात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच हाताळावेत.

## टप्पा १: रुग्णालयातील पहिली नोंद

जखमीला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्या, म्हापसा वा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या किंवा जवळच्या खासगी इस्पितळात न्या, आपत्कालीन विभागात प्रथम लिहिला जाणारा केसपेपर हा पुढच्या दाव्यातील सर्वांत वजनदार कागद असतो. तेथे डॉक्टर विचारतात, ‘काय झाले?’ घाबरलेला नातेवाईक सांगून जातो, ‘स्कूटरवरून पडला.’ तेवढेच लिहिले जाते. पुढे न्यायाधिकरणात, म्हणजे मोटार अपघातांचे दावे चालविणाऱ्या न्यायालयात, विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करून म्हणतो की जखमी स्वतःच घसरून पडला, ट्रकचा संबंध नंतर जोडला गेला. अशी एक ओळ खोडून काढण्यात कित्येक तारखा जातात.

म्हणून सोबत असलेल्या माणसाने डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: ट्रकने धडक दिली, कोठे दिली, साधारण किती वाजता दिली आणि माहीत असल्यास ट्रकचा क्रमांक. प्रकरणाची नोंद मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून झाली आहे ना, हेही विचारावे आणि तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

खासगी इस्पितळात दाखल करताना विनारोकड उपचारांच्या केंद्रीय योजनेची चौकशी करावी. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या या योजनेखाली नामनिर्देशित रुग्णालयांत अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार होऊ शकतो. नुकसानभरपाईचा दावा याहून वेगळा असतो आणि हा लाभ घेतल्याने तो बुडत नाही.

तपासून पाहा: केसपेपरवर ‘ट्रकची धडक’ असा उल्लेख आहे का? नसेल तर डिस्चार्जची वाट न पाहता, त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विनंती करून तिची पोच घ्यावी.

## टप्पा २: घटनास्थळाचे पुरावे

हे काम जखमी स्वतः करू शकत नाही. घरातील एका शांत डोक्याच्या माणसाकडे ते सोपवावे आणि ते लगेच व्हावे, कारण ट्रक हलविला की अर्धा पुरावा त्याच्याबरोबर जातो. वाहनांची स्थिती, रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, वळण आणि दिवाबत्ती यांची छायाचित्रे लांबून आणि जवळून अशी दोन्ही घ्यावीत.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर किंवा औद्योगिक वसाहतींच्या बाहेर रात्री उभ्या केलेल्या ट्रकवर मागून दुचाकी आदळली, तर लोक लगेच दुचाकीस्वारालाच दोषी ठरवितात. दोष कोणाचा हे ट्रकची मागची बाजू पाहून ठरते. मागचे दिवे चालू होते का, परावर्तक पट्टी होती की ती चिखलाने झाकली होती, मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवला होता का आणि ट्रकचा किती भाग डांबरी रस्त्यावर होता, हे दाखविणारे छायाचित्र पुढे एका साक्षीदाराइतके काम करते.

जवळची दुकाने, पेट्रोल पंप आणि तपासणी चौक्यांपासून बारपर्यंत जेथे जेथे कॅमेरा दिसेल ते ठिकाण टिपून ठेवावे. हे चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्यामुळे ते जप्त करावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला तातडीने द्यावा. ट्रक खनिज वाहतुकीचा असेल, म्हणजे उसगाव-तिस्क किंवा सावर्डे-कुडचडे पट्ट्यातील असेल, तर त्याची ट्रिप शीट (फेऱ्यांची नोंद), वजनकाट्याची पावती आणि जीपीएसची नोंद मिळविण्याचीही मागणी त्याच अर्जात करावी. वेग आणि जादा भार या दोन्ही गोष्टी त्यातून कळू शकतात.

## टप्पा ३: पोलिसांचे कागद

तक्रारदाराला प्रथम माहिती अहवालाची प्रत मोफत मिळते, ती घ्यावीच. त्यानंतर घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, चालकाचा परवाना, नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याची पॉलिसी या सर्वांच्या प्रती मागाव्यात.

केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल तयार करून न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीला आपली माहिती भरून देण्यासाठी एक स्वतंत्र नमुना असतो. तो ६० दिवसांच्या आत भरून द्यावा. पोलिसांचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही केवळ तिच्या भरवशावर राहू नये, स्वतःचा अर्ज स्वतः दाखल करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवालात उत्पन्न, नोकरी वा दुखापतीचा तपशील अर्धवट राहिला तर तो पुरा करण्याची काळजी जखमीइतकी कोणीच घेत नाही.

जबानीबाबत विशेष दक्षता हवी. जखमी कोकणीत वा मराठीत सांगतो आणि लिहिले जाते इंग्रजीत. लिहिलेले आपल्या भाषेत वाचून दाखविल्याशिवाय सही करू नये. ‘मला काही आठवत नाही’ हे खरे असेल तर तसेच लिहून घ्यावे, अंदाजाने वेग आणि अंतर सांगू नये.

इशारा: ट्रकचालकाच्या तक्रारीवरून कधी कधी जखमीवरच गुन्हा नोंदविला जातो. कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून किरकोळ दंड भरून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला आसपासची माणसे देतात. तो ऐकू नये, कारण ती कबुली दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरली जाते. पोलीस निरीक्षकांना आणि त्यांच्याकडून दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना आपली बाजू लेखी कळवावी आणि वकिलामार्फत खटला लढवावा.

## टप्पा ४: ट्रकमागे कोण कोण आहे ते शोधणे

दाव्यात चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी हे तिघेही प्रतिवादी असावेत. मालक ‘ट्रक मी केव्हाच विकला’ असे सांगतो, तेव्हा लोक गोंधळून अर्जातून त्याचे नाव काढून टाकतात. परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. प्रत्यक्ष ताबा दुसऱ्याकडे असेल तर त्यालाही जोडावे, पण नोंदणीकृत मालकाला वगळू नये.

पत्रादेवी, पोळे, अनमोड वा चोर्ला घाटातून येणारे ट्रक बहुधा परराज्यांत नोंदलेले असतात. त्यांच्या नोंदणीचा, विम्याचा आणि योग्यता प्रमाणपत्राचा तपशील परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकून पाहता येतो. विमा अपघाताच्या *तारखेला आणि वेळेला* चालू होता का, हे पाहावे. आज पडद्यावर दिसणारी पॉलिसी अपघातानंतर घेतलेली असू शकते.

लांब ट्रेलरच्या बाबतीत एक गोष्ट सर्रास निसटते. ओढणारा पुढचा भाग आणि मागचा ट्रेलर यांचे नोंदणी क्रमांक वेगळे असतात आणि विमाही वेगळा असू शकतो. दोन्ही क्रमांक टिपावेत, मागचा आवर्जून.

ट्रकला विमाच नसल्याचे कळले, तर जप्त केलेला ट्रक मालकाला परत देण्यापूर्वी त्याच्याकडून पुरेसे तारण घ्यावे, असा अर्ज संबंधित न्यायालयात ताबडतोब करावा. ट्रक सुटून परराज्यात गेल्यानंतर हुकूमनाम्याची वसुली अतिशय कठीण होते.

ट्रक पळून गेला आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर मार्ग वेगळा आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनांसाठीच्या २०२२ च्या योजनेखाली गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी न्यायाधिकरणात नव्हे, तर दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. त्याची चौकशी उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार कार्यालयात करावी.

## टप्पा ५: उपचारांची आणि उत्पन्नाची फाईल

एकच जाड फाईल करावी आणि तारखेच्या क्रमाने कागद लावावेत: केसपेपर, एक्स-रे, स्कॅनचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि फिजिओथेरपीच्या पावत्या. औषधाच्या प्रत्येक बिलामागे त्याची डॉक्टरांची चिठ्ठी असावी. बिल आहे पण चिठ्ठी नाही, या कारणाने बरीच रक्कम कापली जाते. काणकोण वा पेडण्याहून बांबोळीला ये-जा करण्याचा टॅक्सीचा खर्च, घरी ठेवलेल्या मदतनीसाचा पगार आणि पथ्याचा खर्चही मागता येतो, म्हणून त्याच्याही सह्या केलेल्या पावत्या घ्याव्यात.

मेडिक्लेम असेल तर मूळ बिले त्या कंपनीकडे जातात. देण्याआधी पूर्ण संचाची छायाप्रत काढावी आणि कंपनीकडून शिक्क्यानिशी पोच व मंजुरीचे पत्र घ्यावे. मेडिक्लेमची रक्कम मिळाली म्हणून दाव्यातील वैद्यकीय खर्च वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. त्यामुळे ‘मेडिक्लेमने दिले, आता मागायचे कशाला’ असे समजून तो खर्च सोडून देऊ नये.

उत्पन्नाच्या पुराव्यात गोव्यातील माणूस अधिक कमी पडतो. नोकरदाराकडे पगारपत्रक, फॉर्म १६ आणि रजेची नोंद असते. मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा), टॅक्सीचालक, किनाऱ्यावरील शॅकवर काम करणारा, मासे विकणारी बाई किंवा पाडेली (माडावरून नारळ पाडणारा) यांच्याकडे तसे काही नसते आणि न्यायाधिकरण मग किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरते. अशांनी परमिट वा परवाना, बँकेचे पासबुक, डिजिटल देयकांची विवरणे, कर्जाचे हप्ते, सोसायटी वा संघटनेचा दाखला आणि नेहमीच्या ग्राहकाची साक्ष यांची जुळवाजुळव करावी. हंगामी धंदा असेल तर वर्षभराचे उत्पन्न बारा महिन्यांत विभागून दाखवावे. फक्त डिसेंबरचा आकडा सांगितला तर उलटतपासणीत संपूर्ण जबानीवरचा विश्वास उडतो.

## टप्पा ६: वकील आणि विधी साहाय्य

वकील पहिल्या महिन्यातच ठरवावा. मोटार अपघात दावे नियमित चालविणारा वकील असणे महत्त्वाचे आहे. इतर बाबतींत नामांकित असलेला वकीलही वैद्यकीय पुराव्यात कच्चा असू शकतो. फीबाबत लेखी बोलणी करावी. मिळणाऱ्या भरपाईतील टक्केवारी फी म्हणून ठरविणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही आणि इस्पितळाच्या वॉर्डात येऊन ‘केस आम्ही बघतो, आता काही देऊ नका’ म्हणणाऱ्या दलालाला तर दारातूनच परत पाठवावे. अशा माणसाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर वा कोऱ्या चेकवर सही केलेल्या कुटुंबांचे हाल फार होतात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नमर्यादा लागू आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, हा गैरसमज सोडावा.

तपासून पाहा: वकीलपत्र आणि अर्ज इंग्रजीत असतात. अपघाताची तारीख, जागा, वाहनांचे क्रमांक आणि उत्पन्नाचा आकडा हे सर्व बरोबर आहे का, ते ओळीओळीने मराठीत समजून घ्यावे. अर्जातील आकडा आणि पोलिसांपुढील जबानीतील आकडा वेगळा असेल तर तो आताच दुरुस्त होऊ शकतो.

## टप्पा ७: कोणत्या कलमाखाली, कोठे आणि केव्हा

दोन कलमांची गल्लत होते. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि गंभीर दुखापतीसाठी ठरावीक अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली चूक दाखवावी लागते, मात्र प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई मागता येते.

इशारा: विमा कंपनीशी तडजोड करून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातील कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. किरकोळ फ्रॅक्चर भरून आले असेल तर अडीच लाख घेणे शहाणपणाचे ठरू शकते. पाय कायमचा निकामी झालेल्या तरुणाने ती रक्कम घाईने घेणे म्हणजे आयुष्यभराच्या हक्कावर पाणी सोडणे होय.

अर्ज अपघात जेथे झाला तेथील, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला येणारा सावंतवाडीचा मुलगा गोव्यात जखमी झाला, तर तो सिंधुदुर्गातही दावा करू शकतो.

मुदतीचे सहा महिने अपघाताच्या तारखेपासून मोजावेत, डिस्चार्जपासून नव्हे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशावर कोणी आपला दावा टांगून ठेवू नये. अपंगत्वाचा दाखला तयार नसला तरी अर्ज दाखल करावा, दाखला नंतर जोडता येतो. शिवाय व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना पदरचा जातो.

जखमी हा ट्रकचाच चालक वा क्लीनर असेल, तर त्याला कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचाही मार्ग खुला असतो, पण दोहोंपैकी एकच निवडता येतो. निवड वकिलाशी बोलून करावी. मालवाहू ट्रकमध्ये मागे फुकट बसून जाणाऱ्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा येत नाही. तेथे मालकाविरुद्धचा पुरावाच भक्कम करावा लागतो.

## टप्पा ८: अपंगत्व आणि रक्कम

दाखल्यावरील टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात हा फरक मांडला आहे: दुखापतीमुळे त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला, ते पाहायचे. डाव्या हाताची दोन बोटे गमावलेला कारकून कामावर परत जाऊ शकतो, सुतार कदाचित जाऊ शकत नाही.

समजा, ३२ वर्षांचा पायलट महिन्याला २०,००० रुपये मिळवीत होता आणि त्याची कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतला असल्याने भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून ३,३६,००० रुपये. त्याचे ४० टक्के १,३४,४०० रुपये. या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक नुकसानीला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १६. म्हणजे केवळ कमाईच्या नुकसानीपोटी २१,५०,४०० रुपये होतात. भविष्यातील वाढ मागायची राहिली तर हाच आकडा १५,३६,००० रुपयांवर येतो; सव्वासहा लाखांच्या आसपासचा फरक एका विसरलेल्या परिच्छेदाने पडतो. याशिवाय उपचारांचा खर्च, पुढील शस्त्रक्रिया, वेदना आणि जगण्यातील सुखाची हानी यांची मागणी स्वतंत्र करावी.

दाखला देणाऱ्या वा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेण्याची तयारी ठेवावी. विमा कंपनीने दाखल्यावर हरकत घेतली आणि डॉक्टर आलेच नाहीत, तर त्या कागदाचे मोल फार कमी होते. दाखल्यात टक्केवारी एका अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

## टप्पा ९: साक्ष, तडजोड आणि लोकअदालत

न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. घटना बहुधा तशी घडली, एवढे दिसले तरी पुरते. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. हेल्मेट नव्हते वा दुचाकीवर तिघे होते, असा मुद्दा हमखास निघेल. तो लपवू नये. त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी काय संबंध होता, हे दाखविण्याची जबाबदारी विरुद्ध पक्षावर आहे.

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते आणि ते अनेकांच्या सोयीचे असते, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून तेथे जाण्यापूर्वी टप्पा ८ मधील हिशेब कागदावर करून न्यावा, किमान आकडा घरी बसून ठरवावा आणि पुढील शस्त्रक्रिया बाकी असेल तर तिचा खर्च धरल्याशिवाय सही करू नये.

दावा चालू असताना जखमीचा अन्य कारणाने मृत्यू झाला, तरी त्याचा हक्क वारसांकडे जातो. वारसांनी नावे जोडण्याचा अर्ज ताबडतोब द्यावा.

## टप्पा १०: निवाड्यानंतर

निवाड्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवावी. अपिलाची मुदत निवाड्यापासून ९० दिवसांची आहे आणि अपील पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात होते. रक्कम कमी वाटत असेल तर कोणता घटक धरला गेला नाही, हे वकिलाकडून लेखी घ्यावे, म्हणजे अपील करणे परवडते की नाही ते कळते. रक्कम थेट खात्यात जमा व्हावी यासाठी जखमीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधीच उघडून त्याचा तपशील न्यायाधिकरणात द्यावा. भरपाईचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला आणि मध्येच शस्त्रक्रियेसाठी पैसे लागले, तर डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून ठेव मोडण्याच्या परवानगीचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो.